जमीन करणाराचे नाव

१

मंगळवारी मी तहसील कचेरीत जात असे. शिरगावहून साडेनऊची एसटी पकडायची, फलकावरच्या नोटिसा वाचायच्या, फेरफाराची रजिस्टरं चाळायची, एखाद्या कारकुनाशी भांडायचं आणि दुपारी बातमी लिहायला बसायचं. बावीस वर्षं माझा मंगळवार असाच गेला. तालुक्यात कुणाची जमीन कुणी गिळली, हे गावाच्या आधी मला कळत असे, आणि त्याचा मला अभिमान होता.

एकोणनव्वदच्या जानेवारीत बुधा उंबरसाडाचा निकाल लागला. बुधा वारली जमातीचा. सालवडच्या पलीकडे करवंदपाड्यावर राहणारा. त्याच्या बापाने एका शेठच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता आणि दीड एकर भातशेत शेठच्या नावावर गेलं होतं. आदिवासींच्या अशा गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा चौऱ्याहत्तर साली झाला. बुधाने अर्ज केला, शेठने वकील दिला. नऊ वर्षं नुसत्या तारखा पडत होत्या. त्या नऊ वर्षांत मी या एका तुकड्यावर चाळीसेक बातम्या लिहिल्या, शेठच्या नावानिशी. दोनदा मला धमक्या आल्या, एकदा सायकल मोडली.

शेवटच्या तारखेला शेठचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, आमची हरकत नाही.

बाहेर व्हरांड्यात शेठ स्वतः उभा होता. हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या सावे, तुम्ही जिंकलात. तोंड गोड करा."

नऊ वर्षं इंचासाठी भांडलेला माणूस हरल्यावर पेढे का वाटतो, हे मी त्याला विचारायला हवं होतं. माझा धंदाच विचारण्याचा. मी पेढा खाल्ला.

२

ताबा द्यायला आम्ही फेब्रुवारीत गेलो, भर दुपारी. कचेरीचे अव्वल कारकून, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, एक कोतवाल आणि मी. बुधा धुतलेला सदरा घालून उभा होता. शेजारी त्याची बायको भागी आणि मुलगी जमुना, एकोणीस वर्षांची. एकुलती एक. तिच्यामागची दोन गेलेली.

भाऊसाहेबांनी चतुःसीमा वाचल्या. पूर्वेला नाला, पश्चिमेला बांध, बांधाला लागून बुधाची झोपडी, ताबा मिळणार म्हणून नुकतीच उभारलेली. मग रीतीप्रमाणे ताबा घेणाऱ्याने जमिनीतलं ढेकूळ हातात उचलायचं असतं. बुधाने उचललं आणि सरळ नाकाशी नेलं.

"सायेब, ही माती आमची नाय."

"म्हणजे?"

"ही लाल हाय. मुरूम. आमची काळी होती. बापाच्या हाताखाली नांगर धरलाय मी, वळखतो ना."

"अरे बाबा, आम्ही माती देत नसतो, नंबर देतो. नंबर तोच आहे ना?"

"नंबर तोच."

"मग झालं तर."

"आता नंबरच पेरू या, बाबा," जमुना म्हणाली. "पाणी कमी लागल."

सगळे हसले. मीही हसलो. बुधा तेवढा हसला नाही. ढेकूळ त्याने खाली टाकलं आणि हात धोतराला पुसत राहिला, बराच वेळ.

पंच एक कमी पडत होता. भाऊसाहेबांनी कागद माझ्यापुढे धरला. "सावे, करा तुम्हीच. उद्या छापा, ‘माझ्या सहीने ताबा दिला’ म्हणून." मला मथळा दिसला. मी सही केली. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की वाचल्याशिवाय सही करू नका, आणि स्वतः न वाचता केली. त्या कागदावर छापलेलं होतं : जमीन मोकळी, निर्दोष व लागवडीयोग्य स्थितीत मिळाली, तक्रार नाही.

३

जुलैच्या शेवटी मी फोटो काढायला गेलो. सत्तावीस वर्षांनी बुधाच्या घरची आवणी. भाताच्या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात.

पाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंची शेतं बेडकांनी नुसती गरजत होती. बोललेलं ऐकू येईना. बुधाच्या बांधावर पाय ठेवला आणि तो आवाज मागे राहिला. कमी झाला असं नाही, मागे राहिला. बुधाच्या शेतात एकही बेडूक नव्हता. खेकडा नव्हता, बगळा नव्हता. मी मनाशी म्हटलं, नवीन भर घातलेली जमीन आहे, अजून जीव धरायचा आहे.

पाच बायका ओळीने वाकल्या होत्या. भागी, जमुना आणि पाड्यावरच्या तिघी. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्या हाताने दोन-चार काड्यांची एकेक चूड चिखलात खोचायची आणि एक पाऊल मागे सरायचं. आवणी अशीच चालते, पाठीमागे. मान खाली. मागे वळून कुणी बघत नाही, शेजारणीच्या आवाजावरून आपण ओळीत आहोत की नाही ते कळतं. पाठीला बांध लागला की उभं राहायचं, वळायचं, हसायचं.

जमुना डावरी होती, म्हणून ओळीच्या अगदी टोकाला. मधे उभी राहिली तर तिचं कोपर शेजारणीच्या कोपराला लागायचं. तिचा आवाजही निराळा होता. दोन चुडी पटपट, मग एक थांबून. चुबुक चुबुक... चुबुक.

"सावेदादा," ती मान वर न करता ओरडली, "फोटूत पाय येतात का?"

"येतील. का?"

"नका घेऊ. लई जळजळतात. मिरची वाटल्यावानी."

"कामाला आली की हिचं काहीतरी जळतंच," भागी म्हणाली. "परवा हात, आज पाय."

"लग्नाचं काढलंस की डोकं पण जळतं, आई."

बायका खदखदून हसल्या, वाकलेल्याच. पाण्यावर रंगीत साय धरली होती, जांभळी, हिरवी. मी नऊ फोटो काढले. पाऊस आला म्हणून ओळ बांधाला लागायच्या आधीच निघालो.

४

सप्टेंबरात जमुना गेली.

आधी तळपायांची सालं निघाली. मग घोट्यापर्यंत कातडं काळं पडलं, ताप चढला, लघवी बंद झाली. बाकीच्या चौघींचेही पाय सोलले, पण त्या चार दिवस गेल्या होत्या. जमुना बापाच्या हौसेपायी रोज जात होती, उरलेली आवणी लावायला, खुरपायला, पाणी फिरवायला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कुठल्या कंपनीत आहे ही? भागी म्हणाली, कंपनीत नाय, घरच्या शेतात.

मी भेटायला गेलो तेव्हा झोपडीत दोघंच होती. भागीने मला पाणी दिलं. एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"दादा, तुमी फोटू काढलेले ना. तिचा एखादा असल तर द्या. आमच्याकडं तिचा एकबी नाय."

मी नऊच्या नऊ धुवून आणले. नऊही फोटोंत पाच पाठी होत्या. सगळ्यांच्या माना खाली. जमुनेचं तोंड एकाही फोटोत नव्हतं. भागीने सगळे फोटो दाराच्या उजेडात धरून पाहिले, मग मला परत दिले.

"तोंड आठवत नाय दादा," ती म्हणाली. "शेवटी सुजलेलं होतं ना. तेच म्होरं येतं. आधीचं येत नाय."

त्याच आठवड्यात बोईसर स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर मी टँकरवाल्यांना विचारत फिरलो. तिसऱ्याने सांगितलं, अगदी सहज, बिस्किट बुडवत.

"वो खेत? आठ साल हम उधर ही खाली किया ना. रंग की फॅक्टरी का पानी, कीचड, सब. रात को नहीं, दिन में. सेठ का पत्रे का कंपाउंड था, कौन देखता, कौन रोकता? बाद में सेठ ने ऊपर से लाल मिट्टी मारी. बोला, अब वापस देने का है."

मी हे सगळं छापलं, कारखान्याच्या नावासकट. कारखान्याने खुलासा पाठवला की सदर जमिनीशी आमचा कधीही संबंध आलेला नाही. मी उतारे काढले. खरंच नव्हता आला. कागदावर त्या शेतात आठही वर्षं भात पिकत होता.

५

नव्वदच्या मे महिन्यात बुधाला दोन नोटिसा आल्या. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून तो त्या घेऊन माझ्याकडे शिरगावला चालत आला.

पहिली प्रदूषणवाल्यांची. माझ्या बातम्यांवरून त्यांनी मातीचे नमुने नेले होते. नोटिशीत म्हटलं होतं की आपल्या जमिनीत घातक रसायनं आढळली आहेत, भोगवटादार या नात्याने आपण पाच फूट खोलपर्यंतची माती काढून तिची शास्त्रीय विल्हेवाट लावावी, अन्यथा खटला. दुसरी महसूलवाल्यांची. परत मिळालेली जमीन स्वतः कसण्याची हमी आपण दिली आहे, यंदा न कसल्यास ती सरकारजमा का करू नये?

"म्हंजी काय?" बुधा म्हणाला. "एक म्हनतो शेतात जाऊ नको, एक म्हनतो जा?"

मी कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. पंखा कुरकुरत फिरत होता. भाऊसाहेबांनी शांतपणे फाइल काढली आणि ताबेपावती माझ्यापुढे ठेवली. मोकळी, निर्दोष, लागवडीयोग्य. खाली माझी सही, वळणदार.

"निर्दोष जमीन दिली आम्ही. पुढे जे झालं ते त्याच्या ताब्यात असताना झालं. पंच तुम्ही."

"ज्याने विष ओतलं तो मोकळा, आणि ज्याची पोर मेली त्याने माती धुवायची?"

"सावे, कायदा माणूस बघत नाही, उतारा बघतो. उताऱ्यावर नाव कुणाचं?" मग त्यांनी आवाज खाली आणला. वाईट माणूस नव्हता तो. "राजीनामा द्यायला सांगा त्याला. जमीन सोडली की ती सरकारची. मग नोटीसही सरकारला. आणि सरकार काही सरकारला नोटीस पाठवत नाही. सुटेल तो."

दीड एकर मिळवायला नऊ वर्षं लागली होती. सोडायला एक अंगठा पुरत होता. पावसाळा लागला की ती दोघं जमीन जाईल या भीतीने चिखलात उतरणार, हे मला दिसत होतं. मी घरी बसून राजीनाम्याचा अर्ज माझ्याच अक्षरात लिहिला.

६

करवंदपाड्यावर मी जुलैच्या मध्यावर पोचलो. दुपारचे बारा. पाऊस उघडला होता, ऊन डोळ्यांत घुसत होतं.

झोपडी म्हणजे एक खोली, कारवीच्या कुडाची. शेताकडच्या कुडाला हातभर भगदाड पाडलेलं होतं, नवीन. त्याच्यासमोर भागी पाय पसरून बसली होती. तिच्या तळपायांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"बुधा कुठाय?"

"मजुरीला. बसा दादा. आता चालू व्हईल."

"काय?"

तिने तोंडावर बोट ठेवलं.

बेडकांचा आवाज दुरून येत होता, दुसऱ्यांच्या शेतांतून. मग जवळून, भगदाडाच्या पलीकडून, तो आवाज आला. चुबुक चुबुक... चुबुक. थोडं थांबून पुन्हा. पाण्यात पाऊल मागे ओढल्याचा आवाज. पुन्हा चुबुक चुबुक... चुबुक.

मी भगदाडातून पाहिलं. शेतात कुणी नव्हतं. उन्हाने पाणी पत्र्यासारखं चमकत होतं, त्याकडे नीट बघवतही नव्हतं. मात्र शेतात रोपं होती. नाल्याच्या कडेपासून अर्ध्या शेतापर्यंत, फक्त टोकाची एक पट्टी, हातभर रुंद. दोन चुडी जवळजवळ, तिसरी जरा दूर.

"कुणी लावली ही?"

"रोज दुपारी एवढं एवढं मागं येती," भागी म्हणाली आणि हाताने चारेक पावलांचं अंतर दाखवलं. "आवणी अर्धी टाकून गेली ना ती. नाल्याकडून निघाली. आता बांधाला लागल. बांधाला लागली की उभी राहील, वळल. मंग बघीन मी तोंड."

क्षणभर मी ते खरं मानलं आणि मग स्वतःलाच झापलं. चिंध्यांतून लस झिरपत होती, ती मला दिसत होती. उघड होतं की हीच पहाटे चिखलात उतरते, रोपं लावते, आणि दुपारी स्वतःलाच सांगते. आवाजाचं काय, चिखलात बुडबुडे फुटतात, खाली काय काय कुजतंय देवाला ठाऊक. मी हे सगळं तिला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मी जाते ना चिखलात," ती म्हणाली. "जवळ जाऊन बसते. पण म्होरं जाऊन बघायचं धाडस नाय होत. पाठच बरी, असं वाटतं. ती वळल तवा वळल."

"भागी, या मातीने तुझे पाय जातील. मग तूही जाशील. राजीनामा देऊन टाका."

"आनि तिला कुठं ठिवू?"

बाहेरचा आवाज थांबला होता. मी बोलत असताना कधी थांबला कळलं नाही. मला उगाच वाटलं की आमचं बोलणं कुणी वाकल्या वाकल्या ऐकत होतं.

७

बुधाला मात्र मी गाठलं. तो नाक्यावर बसला होता, हात गुडघ्यांत घालून.

"मला नाय ऐकू येत, दादा," तो म्हणाला. "एकदाबी नाय. मी बाप ना तिचा. मला का नाय येत?" आणि मग, "द्या कागद. पोर गेली, आता बायको बी नको जायला."

त्याने अंगठा दिला. मी अर्ज कचेरीत नेला आणि वाटलं, संपलं. चार दिवसांनी भाऊसाहेबांनी बोलावून घेतलं.

"राजीनामा अडला. जमीन मोकळी पाहिजे. दुसरं कुणी कसत असेल तर त्याचा जबाब लागतो."

"दुसरं कोण कसणार?"

त्यांनी पीकपाहणीची नोंदवही माझ्याकडे फिरवली. नवा तलाठी आठवड्यापूर्वीच सांगलीकडून बदलून आला होता. नियमाप्रमाणे स्वतः शेतावर जाऊन पाहणी करणारा, असे फार थोडे असतात. बुधाच्या नंबरापुढे, जमीन करणाराचे नाव या रकान्यात त्याने निळ्या शाईने लिहिलं होतं : जमुना बुधा उंबरसाडा.

मी त्याला शोधून काढलं. तिशीचा, चष्मेवाला, घामाघूम.

"चुकलं का हो काही?" तो म्हणाला. "मी बांधावरनं बघितलं की. भर दुपारची वेळ. एकच पोरगी लावत हुती. हाका मारल्या तर मान काय वर करंना. डावऱ्या हाताची. वाटंवर एका बाईला इचारलं, त्या शेतातली डावरी पोरगी कोण वो? ती म्हणली डावरी म्हंजे जमुनाच. म्हणून लिहिलं. का? ती घरची न्हवं का?"

"तोंड पाहिलंत तुम्ही तिचं?"

"पाठमोरी हुती." त्याने चष्मा पुसला. "केस मात्र लईच खाली आलेले. पाण्यात लोळत हुते. बांधायला सांगा तिला."

 त्या क्षणापासून माझं समजावणं बंद झालं. स्वतःचंही.

८

जबाब शेतावरच घ्यायचा ठरला, एकोणतीस जुलैला, बारा वाजता. भाऊसाहेब खुर्ची आणि पॅड घेऊन बांधावर बसले. बुधा एका बाजूला उभा. भागीला दोन बायकांनी धरून आणलं. पायांवर उभं राहणं तिला आता जमत नव्हतं, ती बांधावरच बसली. मी तिच्या शेजारी. तलाठी मागे, छत्रीखाली.

रोपांची पट्टी बांधापासून दोन हातांवर आली होती.

"मृत मुलीचं नाव चुकून लागलंय, ते काढायला तुझा जबाब हवा," भाऊसाहेब भागीला म्हणाले. "घाबरू नको. एकच प्रश्न आहे. या जमिनीवर तुम्हा दोघांशिवाय कुणी आहे का? नाही म्हण, मी लिहितो, अंगठा दे. आजपासून तुमच्यावर काही नाही. ना माती काढायची, ना खटला."

भागी शेताकडे पाहत होती.

चुबुक चुबुक... चुबुक.

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. त्यांनी तलाठ्याकडे पाहिलं. तलाठी खाली पायांकडे बघत होता. पलीकडचे बेडूक गप्प झाले होते, सगळ्या शिवारातले. बुधा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होता. त्या एकट्यालाच काही ऐकू येत नव्हतं.

मी पाहिलं. ठरवलं होतं बघायचं नाही, तरी पाहिलं. पाण्याच्या चकाकीत, दोन हातांवर, वाकलेली पाठ. काचा मारलेलं लुगडं, पाठीच्या मणक्यांवर चिकटलेलं. डावा हात खाली गेला, वर आला. पाऊल मागे आलं आणि पाण्यावर तरंग उठला नाही. दीड हात. पुढच्या पावलाला टाच बांधाला लागणार होती.

"बोल," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "बाई, लवकर बोल. कुणी आहे का?"

भागीच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मला सांगता येणार नाही. आनंद होता तो. तिने दोन्ही हात बांधाच्या कडेला टेकले आणि पुढे सरकली, चिंध्या बांधलेले पाय पाण्यात सोडायला. मी तिचा दंड धरला. बुधाने दुसरा धरला.

"भागे," बुधा रडत म्हणाला, "मी एकटा कसा ऱ्हाऊ? ती हाय, मला म्हाईत हाय ती हाय. पन मी बी हाय ना. मी बी हाय."

भागीने त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ, कोण जाणे. मग शेताकडे पाहिलं, त्या पाठीकडे, आणि आपली पोर झोपेतून उठू नये म्हणून बोलावं इतक्या हलक्या आवाजात म्हणाली,

"नाय. कोन नाय."

आवाज थांबला.

"मोठ्याने," भाऊसाहेब म्हणाले. "नियम आहे."

"कोन नाय!" भागी ओरडली. "माझं तिथं कोन नाय!"

ऊन होतं. पाणी होतं. पाण्यावर रोपांची एक मूठ तरंगत होती, सुटी. भाऊसाहेबांनी जबाब लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. तलाठ्याने रकान्यातल्या नावावर रेघ मारून बाजूला सही केली. बेडूक हळूहळू पुन्हा सुरू झाले, दुसऱ्यांच्या शेतांत.

बुधाने भागीला पाठंगुळी घेतलं आणि ती दोघं तिच्या भावाच्या गावाला निघून गेली. भागी जगली. पाय बरे झाले. आठ वर्षं झाली, मी वर्षातून एकदा जातो. ती मला पाणी देते.

जमीन सरकारची आहे. तारेचं कुंपण घातलंय, फाटक आहे, त्याला कुलूप आहे. आत कुणी जात नाही, माती कुणी काढली नाही, आणि ज्याने ती नासवली त्याला आजवर एक साधं पत्र गेलेलं नाही. मी दर पावसाळ्यात कुंपणापाशी जाऊन उभा राहतो. ऐकतो. काही येत नाही. टोकाची ती पट्टी कुणी न लावता दरवर्षी हिरवी उगवते, नाल्यापासून सरळ, आणि बांधापासून दीड हात अलीकडे थांबते.